बारा व्होल्टचा जाळ

वहिनीनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी जेवत होते. "वन्सं, ती वायर जरा कोमट लागतीया ओ," ती म्हणाली. मी ताटातून वर न बघताच म्हणाले, "लागणारच. वीज वाहतीय त्यातनं." हे बोलणं झालं सोमवारी. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या वरच्या खोलीत जाळ झाला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी, पण मला नावानं हाक मारत नाही. तिच्या माहेरी, राधानगरीकडं, नणंदेला वन्सं म्हणतात म्हणून मी वन्सं. माझं लग्न मोडलं आणि मी दोन बॅगा घेऊन कोल्हापूरला परत आले, तेव्हा घरात काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, पेपर उघडून बसले होते. दादा मोबाइलमध्ये डोकं घालून होता. वहिनीनं माझ्या हातातली एक बॅग काढून घेतली आणि म्हणाली, वरची खोली रिकामीच हाय, तिथं राहतील वन्सं. त्यावर पुढं काही चर्चा झाली नाही. मी वर राहायला लागले.

मग मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात लागले. डिप्लोमा केलेला होताच. अजूनही मागच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाई बसलेली बघितली की गिऱ्हाईक विचारतं, मेकॅनिक कुठं गेलाय. त्याच सुमाराला वहिनीनं ब्लाउजवर आरीचं काम करायला सुरुवात केली. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं, उजव्या हातानं वरून सुई टोचायची, डाव्या हातानं खालून दोरा पुरवायचा, आणि मणी, टिकल्या, जर यांचे मोर, कमळं, वेली भरायच्या. नवरीच्या ब्लाउजला आता हे काम लागतंच. तिची चौकट दिवसभर माझ्याच खोलीत असायची, कारण खाली जागा नव्हती. संध्याकाळी ती भिंतीला उभी केली की माझी गादी पसरायला जागा व्हायची.

त्या खोलीत उजेडाची अडचण होती. खिडकी एकच, ट्यूबलाइट तिच्या पाठीमागं. हाताची सावली नेमकी सुईच्या टोकावर पडायची. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे लाल व्हायचे, डोकं दुखायचं. मला वाटलं, हे काम तर आपल्या हातातलं आहे.

दुकानाच्या माळ्यावर जुने एसएमपीएस पडलेले असतात. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात वीज पुरवणारा पत्र्याचा खोका. डबा भंगारात गेला तरी तो बऱ्याचदा चांगला असतो. त्याच्या पिवळ्या वायरीत बारा व्होल्ट मिळतात आणि एलईडीच्या पट्ट्या नेमक्या बारा व्होल्टवरच चालतात. हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला जोडली की खोका सुरू होतो. मालकांना विचारून मी एक घरी आणला, पाच-पाच मीटरच्या दोन पट्ट्या विकत घेतल्या आणि रविवारी सकाळी कामाला लागले.

आण्णा जिन्यात येऊन उभे राहिले. ते वीज कंपनीत वायरमन होते. तीस-बत्तीस वर्षं खांबावर चढण्यात गेली. डाव्या हाताच्या दोन बोटांना संवेदना नाही, ती कधी गेली ते आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही. मी काय करतेय ते त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, कापडाच्या चौकटीवर वायर न्यायची न्हाय. मी म्हणाले, आण्णा, बारा व्होल्ट आहे, हात लावला तरी झटका बसत नाही. मी पिवळी वायर उघड्या बोटांनी धरून दाखवली.

"झटक्याचं कोण बोलतंय," ते म्हणाले. "मी जाळाचं बोलतोय."

मी हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण हसले. मला वाटलं, खांबावरची माणसं, यांना मोठ्या विजेचीच भीती माहिती. ते खाली निघून गेले.

मी खोका खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. तिथून चौकटीपर्यंत जाड वायर न्यायला हवी होती. ती घरात नव्हती. रविवार, दुकानं बंद. बॅगेत बारीक जोडवायरचं एक भेंडोळं होतं, स्पीकरला लावतात तसली. तीच वापरली. चौकटीच्या एका कडेनं ती पट्ट्यांपर्यंत नेली. उरलेली लांब वायर कापली तर पुढं कमी पडेल म्हणून कापली नाही; तिचं वेटोळं केलं आणि लोंबू नये म्हणून ब्लाउजपीसच्या चिंधीनं चौकटीच्या कोपऱ्याखाली घट्ट बांधून टाकलं. नीटनेटकं दिसत होतं. बटण दाबलं आणि चौकट चारी बाजूंनी पांढरी झाली. सावली कुठंच नाही. वहिनी बसली, सुई उचलली, आणि दुपारी जेवायला हाक मारेपर्यंत उठलीच नाही.

ते सुख तीन आठवडे टिकलं. मग सोमवारी ती कोमट वायरीचं बोलली आणि मी आधी सांगितलं ते उत्तर दिलं. खरं तर एवढ्या बारीक वायरीतून दोन पट्ट्यांचा करंट जायला नको, हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी ते. पण जाड वायर आणायचं काम रोज राहून जात होतं, आणि ज्या गोष्टीला सगळे नावाजत होते तिच्यात खोट आहे हे मला त्या वेळी ऐकायचं नव्हतं.

शुक्रवारी मी राजारामपुरीत दुकानात होते. आण्णांचा फोन आला. ते मला कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत.

"घरी ये," ते म्हणाले.

काय झालं, मी विचारलं.

"ये म्हणालो न्हवं."

फोन बंद. मी परत लावला, उचलला नाही. वहिनीला लावला, वाजत राहिला. स्कूटर काढली तेव्हा किल्ली लागेना. आमचं घर फुलेवाडीत. गंगावेशीत उसाची ट्रॉली वळणावर अडकलेली, मागं सगळं तुंबलेलं. मी हॉर्न वाजवत राहिले. एकजण म्हणाला, ताई, उडून जाणार काय? मला आठवतं, त्या गर्दीत उभं असताना मी फक्त एकच गोष्ट मनात फिरवत होते. वायर. वेटोळं. चिंधी. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी मला माहीत होतं.

दारात पोचले तेव्हा घरात पंख्याचा आवाज नव्हता. जळलेल्या प्लास्टिकचा वास जिन्यातूनच यायला लागला. वहिनी खालच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, उजवा हात पाण्याच्या बादलीत. ती माझ्याकडं बघून म्हणाली, ब्लाउज वाचलाय.

झालं होतं ते असं. वेटोळ्यातली वायर गुंडाळलेली असल्यामुळं सगळ्यात जास्त तापत होती. आतल्या आत तिचं आवरण मऊ झालं आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. चिंधी पेटली. फळीपासून तिथपर्यंतची सगळी वायर लाल होऊन वितळायला लागली, आणि ती चौकटीच्या कडेनं, नवरीच्या ब्लाउजपासून दोन बोटांवरून गेलेली. बटण चौकटीच्या पलीकडं. वहिनीला तिकडं जाता आलं नसतं असं नाही, पण तेवढ्यात कापड गेलं असतं. तिनं वायर मुठीत धरली आणि ओढून काढली. वितळलेलं आवरण तिच्या तळव्याला आणि दोन बोटांना चिकटलं.

ती ओरडली तेव्हा आण्णा खाली होते. ते आधी जिन्याकडं धावले नाहीत. आधी मीटरजवळ गेले, मेन स्विच पाडला आणि मग वर गेले. चिंधी पायानं विझवली.

मी वर गेले. आण्णा उकिडवे बसून त्या काळ्या पडलेल्या वेटोळ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं, "ह्यात फ्यूज कुठाय?"

मी म्हणाले, त्याला लागत नाही, शॉर्ट झालं की एसएमपीएस आपोआप बंद होतो.

"मग झाला का बंद?"

झाला नव्हता. का झाला नाही ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. वायर इतकी बारीक आणि लांब होती की तिच्यातून शॉर्टचा पुरता करंट जाऊच शकला नाही. खोक्याला वाटलं, कुणीतरी मोठं काम लावलंय. तो इमानेइतबारे वीज पुरवत राहिला आणि वायर जळत राहिली. हे मी आण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वेटोळं उचलून खिशात घातलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हात साफ करून मलम लावलं, जाड पट्टी बांधली. दोन आठवडे तरी पाण्यात घालायचा नाही, बोटं वळवायची नाहीत. आम्ही घरी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. आणि साडेचारला नवरी येणार होती.

नवरी चंदगडची. ती आणि तिची आई एसटीनं निघालेल्या होत्या, रविवारी हळद. ब्लाउज शिवून आलेला, बाह्यांची शिवण तेवढी कामासाठी उघडी ठेवलेली. उजवी बाही पुरी झालेली, दंडापासून कोपरापर्यंत उतरलेला मोर. डाव्या बाहीला फक्त काठाची वेल. तिथला मोर वहिनी शुक्रवारी घरकाम उरकून एका बैठकीत भरणार होती, त्यासाठी नुकतीच बसली होती. मी म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. तिनं दोघींना फोन लावले. लग्नसराईत कुणाचा हात मोकळा नव्हता, आणि तीन तासांत तो मोर झाला नसताच. मी म्हणाले, मग त्यांना फोन करून सांगू. ती नको म्हणाली. बसमध्ये बसून त्या काय काय मनात आणतील, समोर आल्यावर सांगू.

मग ती बराच वेळ ब्लाउजकडं बघत बसली. "वन्सं," ती म्हणाली, "उजवा मोर काढा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"दोन्ही बाह्या सारख्या पायजेत. एका हातावर मोर, दुसऱ्यावर वेल, असं नवरी घालणार न्हाय. वेल तेवढी ऱ्हाऊ द्या. मोर काढा. मला एका हातानं जमणार न्हाय."

त्या मोराला तिला चार दिवस लागले होते, घरकामातनं रोज तास-दीड तास काढून. मी ते चारही दिवस बघितले होते.

चौकट खिडकीशी ओढली. तिनं पाठीमागची गाठ कुठं आहे ते डाव्या बोटानं दाखवलं. गाठ कापायची, शेवटचा टाका सोडवायचा आणि दोरा ओढायचा. आरीचे टाके साखळीचे असतात, योग्य टोक हातात आलं की सरसर उसवत जातात. चुकीच्या टोकाला धरलं तर अडकतात आणि कापड फाटतं. पहिली गाठ कापताना कात्रीचं टोक रेशमाला लागलं. वहिनीनं श्वास ओढला. कापड फाटलं नव्हतं. मी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, मला नाही जमणार. ती म्हणाली, जमल. मान आधी गेली, मग पंख, मग पिसाऱ्याचा एकेक डोळा. मणी ताटलीत पडत होते. मधेच मी वर बघितलं तर ती ताटलीकडं बघत नव्हती, माझ्या हाताकडं बघत होती. "हळू. आता तिथनं घ्या. व्हय, तेच." चार दिवसांचं काम मी दीड तासात काढून टाकलं.

खाली सुईची बारीक भोकं राहिली, आणि खडूच्या रेघा. ओल्या कापसानं रेघा पुसल्या. भोकांवरून नखानं हलकं घासलं की वीण परत जवळ येते, तेही तिनंच शिकवलं. बाह्यांची उघडी शिवण मी हातानंच घालून घेतली. मग इस्त्री हवी होती, आणि मेन अजून पाडलेलाच. मी खाली गेले. आण्णा एकेक सॉकेट उघडून तपासत होते. मी म्हणाले, आण्णा, इस्त्री करायची आहे, त्या येतील आता. ते म्हणाले, थांब. मी थांबले. चार वाजून गेले होते. शेवटच्या सॉकेटचे स्क्रू त्यांनी सावकाश, पुरते आवळले, आणि मग मेन चालू केला. मी वर धावले.

त्या पाचला पंधरा मिनिटं कमी असताना आल्या. नवरी चोवीस-पंचवीसची, कॉलेजमध्ये शिकवणारी, आई शेतावरची, काटक. वहिनीनं पट्टीचा हात पदराखाली घेतला होता. मी चहा ठेवला. आईनं ब्लाउज हातात घेतला, उलटसुलट केला, आणि मोबाइल काढून मंगळवारी वहिनीनं पाठवलेला फोटो शेजारी धरला.

"ह्यात मोर हाय की," ती म्हणाली.

वहिनी काही बोलायच्या आत मी सगळं सांगितलं. मी लावलेली वायर, जाळ, हात, डावी बाही, आणि उजवी बाही माझ्या हातानं उसवली ते. वहिनीनं नाइलाजानं पदर बाजूला केला. आई पट्टीकडं बघत राहिली. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, हाताचं वाईट झालं, पण सकाळीच फोन करायचा होता, आम्ही गावातनं काहीतरी सोय केली असती. फोन होता की तुमच्याकडं. तिचं बरोबर होतं. फोन करायचं मला सुचलं होतं आणि मी तो आग्रह सोडला होता.

नवरी ब्लाउज घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ गेला. आई चहाकडं बघत नव्हती. वहिनीच्या कपाळावर घाम आला होता, डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचा अंमल उतरत होता. शेवटी दार उघडलं. ब्लाउज अंगाला नीट बसला होता, बाह्यांना काठाची बारीक वेल. कोऱ्या रेशमावर ती बरी दिसत होती, पण मोर दिसला असता तसा नाही, हे तिथल्या चौघींनाही कळत होतं. नवरी म्हणाली, "आई, हाच नेऊया." निघताना तिनं वहिनीला विचारलं, वेदना फार आहेत का. आईनं चहा घेतला नाही. त्या घराकडून परत कधी काम आलं नाही.

दादा साडेपाचला आला. तो फाउंड्रीत आहे, भाजणं म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही. त्यानं हेल्मेट हातात धरूनच विचारलं, कसं झालं. वहिनी म्हणाली, माझ्याच हातनं चौकट सरकली, वायर दाबली गेली.

आण्णा दारात उभे होते. त्यांच्या खिशात ते वेटोळं होतं, दाबली गेलेली वायर कशी दिसते आणि तापून गेलेली कशी दिसते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण तेही गप्प राहिले. दोघांनी मला वाट करून दिली होती. मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथं संपली असती.

मी म्हणाले, "दादा, वायर तापतीय म्हणून तिनं मला सोमवारी सांगितलं होतं. मी उठून बघितलंसुद्धा नाही."

दादा वर गेला. वरून पावलांचा आवाज येत राहिला. मग तो खाली आला, वहिनीला विचारलं, काही खाल्लंस का, आणि तिच्यासाठी ताट वाढायला लागला. माझ्याशी तो आठवडाभर बोलला नाही. वहिनी मात्र मलाच रागावली. भाजी चिरत असताना मागून येऊन म्हणाली, "मिटवलं होतं की मी. तुम्हाला कुणी बोलायला सांगितलं?" मी म्हणाले, मला राहवलं नाही. ती म्हणाली, कोथिंबीर बारीक चिरा.

पुढचे दीड महिने सकाळची सगळी कामं मी केली, तिची वेणी मी घातली. पट्टी निघाली तेव्हा तळव्यावर गुलाबी कातडी होती आणि मधलं बोट पुरतं वळत नव्हतं. ती रोज रबरी चेंडू दाबत बसायची. काम परत करायचं म्हणाली, आणि उजेड पाहिजे म्हणाली. मी म्हणाले, टेबल लॅम्प आणते. ती म्हणाली, तसलाच पायजे, चारी बाजूंनी.

आण्णांनी मला हाक मारली. रविवारी दुपारी आम्ही दोघं गच्चीवर बसलो. त्यांनी मला त्या खोक्याची एकेक वायर समजावून सांगायला लावली, कुठली किती व्होल्टची, कुठली कशाला. शाळेतल्या मुलासारखे प्रश्न विचारले. मग स्वतः जाड तांब्याची वायर आणली. प्रत्येक पट्टीला वेगळा फ्यूज. वेटोळं कुठंच नाही. वायर चौकटीवरून न नेता वरून, छताच्या पाइपवरून सोडायची, आणि बटण वहिनीच्या डाव्या हाताशी. सगळं जोडून झाल्यावर ते म्हणाले, "आता शॉर्ट कर."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"कर की. बघूया काय होतंय."

उन्हात पट्ट्या फिकट पेटलेल्या होत्या. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. दोन तारांवर टोक टेकवलं. बारीक टक आवाज झाला, एक ठिणगी, आणि ती पट्टी विझली. वायर गारच होती. त्यांनी फ्यूज बदलला आणि परत करायला लावलं. मग दुसऱ्या पट्टीवर. चौथ्या वेळेला मी त्यांनी सांगायची वाट बघितली नाही.

"ने वर," ते म्हणाले, आणि हत्यारं गोळा करायला लागले.

वहिनी संध्याकाळच्या आधी येऊन बसली. चौकटीवर साधं पांढरं कापड ताणलं होतं, गिऱ्हाइकाचं नव्हे. तिनं बटण दाबलं, सुई धरून बघितली, पकड बदलली, परत बदलली. दहा मिनिटांत वितीएवढी रेघ झाली, थोडी वाकडी. मग ती म्हणाली, बोट दुखतंय, आज एवढंच. उजेड तिनं स्वतःच बंद केला आणि कुकर लावायला खाली गेली.